काचेत लावू नका

अण्णा,

आई रस्त्यावर उभी राहून तुमची वाट बघत होती आणि कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला. ज्यानं काढला त्यानं तो सगळ्या जगाला दाखवला. तुमच्या हयातीत दुकानाच्या दारावरून जेवढी माणसं गेली असतील, त्यांच्याहून जास्त माणसांनी तो पाहिला आणि हसून बोटानं पुढं सरकवला. तो काढून टाकायचाच असं ठरवून मी निघाले होते. जमलं नाही. जमणारही नाही हे आता कळलंय, आणि हे सांगावं असं दुसरं कुणी सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसलेय.

तुमच्या वेळी व्हिडिओ म्हणजे लग्नाची कॅसेट. दोनदा बघायची आणि कपाटावर धूळ खात ठेवायची. आता ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आहे. काढलेलं धुवावं लागत नाही, कुणाच्या दुकानात जावं लागत नाही, जागच्या जागी उभं राहून जगभर पाठवता येतं. शनिवार-रविवारी पुण्याची अर्धी जनता आपल्या धरणाच्या रस्त्याला असते. ताम्हिणीकडे जातात, वाटेत थांबतात, पाण्याचे फोटो काढतात, भाताचे काढतात, शेण काढणाऱ्या बायकांचे काढतात. त्यांना सगळंच छान दिसतं. मी इतकी वर्षं त्याकडे काणाडोळा केला, कारण काढतात ते आपल्याला कुठं बघायचंय? बघायची वेळ आली तेव्हा समजलं.

पौडचं दुकान मी अजून चालवते. पाटीवर ‘फोटो स्टुडिओ’ आहे, पण धंदा झेरॉक्सचा, ऑनलाइन फॉर्म भरायचा आणि पासपोर्ट फोटोचा. तुमची सवय मला लागलीय. स्टुलावर माणूस बसला की बटण दाबायच्या आधी मी ‘काढू का?’ म्हणते. लोक बावचळतात. फोटो काढायलाच आलोय की बाई, असं तोंडावर लिहिलेलं असतं. त्या दिवशी कॉलेजची एक मुलगी बसली होती. मी ‘काढू का?’ म्हटलं तरी तिचं डोकं फोनमधून वर येईना. हसत होती. म्हणाली, “एक मिनिट काकू. हे बघा ना, आपल्या मुळशीतलीच आजी आहे. कसली भारी आहे!” आणि तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

आई होती. आपल्या घराच्या वरचं वळण, खाली धरणाचं पाणी, बाजूनं गाड्या चाललेल्या, आणि रस्त्याच्या कडेला आई. घरच्या साडीवर तिनं लग्नातला शालू गुंडाळला होता. तोंडाला इतकी पावडर की भुवयासुद्धा पांढऱ्या. केसांत कुंपणावरची तेरड्याची फुलं. ताठ उभी, हनुवटी जराशी खाली, नजर समोर. उजव्या हातात पदराचं टोक, आणि डावा हात कमरेएवढ्या उंचीवर हवेत धरलेला, तळवा खाली. गाड्या हॉर्न वाजवतात तरी ती हलत नाही. ओठ हलताना दिसतात, पण ती काय बोलते ते ऐकू येत नाही, कारण वर दणदणीत गाणं लावलंय. शेवटी ती तोंड उघडून हसते, आणि तिथं कुणीतरी ‘आजीचा स्वॅग’ असं चमकणाऱ्या अक्षरांत लिहिलंय. लोकांना तो हात म्हणजे नाचाची पोझ वाटली. मला बघताक्षणी कळलं, तो हात तिवईवर आहे.

तुमची तिवई, अण्णा. तुमच्या त्या रंगवलेल्या पडद्यासमोरची, जिच्यावर प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी असायची. पडद्यावर एक तळं, दोन हंस आणि कुठंच न जाणाऱ्या पायऱ्या. चार कोसांवर खरं धरण पडलेलं असताना लोक त्या तळ्यासमोर उभं राहायला नटून यायचे, आणि तुम्ही मला डोळा घालून म्हणायचात, “खऱ्या तळ्याला मच्छर असत्यात, पोरी.” बायका आल्या की तुमचं ठरलेलं: डावा हात तिवईवर, हनुवटी जरा खाली, आता श्वास धरा. अख्ख्या मुळशीतल्या एका पिढीच्या बायका माहेरच्या भिंतीवर त्या तिवईला हात टेकून उभ्या आहेत. आई तर दर वर्षी. खंडेनवमीला कॅमेऱ्याला हळद-कुंकू वाहून झालं की पहिला फोटो तिचा, हा तुमचा नेम. ती शालू नेसून, पावडर लावून, तेरडा माळून एसटीनं पौडला यायची. व्हिडिओ निघाला त्या रविवारी तेरडा फुलला होता, दसरा जवळ आला होता. तिला दिवस कळत नाहीत, पण फुलं कळली असावीत.

मी मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होते. पुढच्या दारानं ती कधी गेली कळलं नाही. परत आली तेव्हा शालू मातीनं भरला होता आणि ती खूश होती. मी रागावले, पावडर पुसली, भात भरवला. तेवढ्यात केवढं घडून गेलं होतं याची मला कल्पनाही नव्हती. विसरण्याचा आजार आहे तिला, डॉक्टरांनी नावही सांगितलं, पण नाव कळून उपयोग काय? ती मला ओळखत नाही. मला ‘बाई’ म्हणते. तिच्या हिशेबानं मी कामाला ठेवलेली बाई आहे, जरा आगाऊ. मी दुकानात असताना शेजारीण तिच्याजवळ बसते, परवा तिला म्हणत होती, “बाई चांगली हाय, पर लई हुकूम सोडती.” तुम्हाला मात्र ती ओळखते. तुम्ही घरात नसता, एवढंच.

आता तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट तुम्हाला सांगते, कारण ती मला तुम्हा दोघांकडून दोन वेगळ्या तऱ्हांनी कळली आणि कुणाची खरी ते मी कधी ठरवू शकले नाही. दुकान नवीन होतं. भातलावणीचे दिवस होते. तुम्ही कॅमेरा घेऊन खाचरात आलात. आई बायकांच्या ओळीत, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, गालाला चिखल. कुणीतरी काहीतरी चावट बोललं असणार. आई मान वर करून, तोंड उघडून हसली आणि तुम्ही बटण दाबलं. तुमच्या सांगण्याप्रमाणे तसा फोटो तुम्हाला परत जमला नाही. तुम्ही तो मोठा करून काचेत लावलात. दुकानाच्या दाराशेजारी तुमचं ते काचेचं कपाट होतं, त्याला सगळं पौड नुसतं ‘काच’ म्हणायचं. काचेत फोटो लागणं हा मान होता. पाटलाच्या घरचं लग्न काचेत लागायचं, पैलवान काचेत लागायचा. बाजाराच्या दिवशी मामा पौडला गेला आणि त्याला दिसलं की काचेसमोर बाप्यांचा घोळका उभा आहे, आणि काचेत त्याची बहीण आहे, गुडघ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी आई एकटी पौडला आली. एकटी एसटीत बसायची तिची ती पहिली वेळ. ती काचेसमोर उभी राहिली, बराच वेळ राहिली, आणि तुम्ही शाबासकीच्या आशेनं हसत बाहेर आलात. ती म्हणाली, “मला इचारलं का?” तुम्ही म्हणालात, “आता नवऱ्यानं बायकूला काय इचारायचं?” “नवरा हाय म्हनून तर इचारायचं. दुसरा असता तर काचंत धोंडा घातला असता.” तुम्ही फोटो उतरवला. तेवढ्यानं ती हलेना. मग तुम्ही आतून निगेटिव्ह आणली आणि तिच्यासमोर कात्रीनं कापली. एवढं दोघांचं सारखं. तुम्ही सांगताना शेवटी म्हणायचात, “फोटू मातूर लई भारी व्हता.” आई म्हणायची, “मी तवा हसत व्हते. त्ये हसू माजं व्हतं.” मी लहान होते तेव्हा तुमच्या बाजूची होते. एवढा छान फोटो, आणि कापला? मोठी झाल्यावर कधी तिच्या बाजूला गेले ते आठवत नाही.

त्यानंतर तुम्ही सगळ्यांना विचारायला लागलात. ‘काढू का?’ आईला तर नेमानं. आणि तिचं उत्तर ठरलेलं: “काढा. पर काचंत लावू नगा.” दर खंडेनवमीला हे संभाषण. मी तिथं फ्लॅश धरून उभी असायची आणि तुमच्याआधी तिचं वाक्य पुटपुटायची, मग ती मला डोळे वटारायची. तुमची तक्रार असायची की विचारलं की माणसाची मूर्ती होते. “इचारलं की हासू पळालंच म्हनून समज,” असं वैतागून म्हणायचात. आणि ते खरंच होतं. आईचे ते सगळे फोटो ट्रंकेत आहेत, मी काढून बघते. सगळ्यांत ती ताठ. सगळ्यांत श्वास धरलेला. एकही भिंतीवर नाही.

मेलेल्या माणसालाही तुम्ही विचारायचात, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. त्या काळी कित्येक घरांत गेलेल्या माणसाचा एकही फोटो नसायचा, म्हणून उचलायच्या आधी तुम्हाला बोलावणं यायचं. मला फ्लॅशसाठी न्यायचात. ताम्हिणीच्या बाजूला एका म्हातारीला भिंतीला टेकवून बसवलं होतं, दोन्हीकडून सुनांनी धरलं होतं. तुम्ही कॅमेरा लावला आणि वाकून, हळू आवाजात म्हणालात, “आजी, काढू का?” सुना रडायच्या थांबल्या. तुम्ही क्षणभर थांबलात आणि मग काढलात. घरी येऊन बारीक ब्रशनं फोटोत तिचे डोळे उघडलेत. येताना एसटीत मी विचारलं, ती उत्तर थोडीच देणार होती? तर तुम्ही म्हणालात, “घरी गेल्यावर तुजी आई इचारंल, इचारलं व्हतं का म्हनून. मग काय सांगू?” मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय. घरी गेल्यावर हात-पाय धुवायला पाणी देताना आईनं खरंच विचारलं.

अशा बाईचा व्हिडिओ मी गिऱ्हाइकाच्या फोनवर बघितला, अण्णा. मला कशाचं वाईट वाटलं ते नीट कळावं म्हणून एवढं मागचं सांगितलं. तिला काही कळत नाही, मग तुला कशाला त्रास, असं शेजारीण म्हणते. पण तिला कळत नाही म्हणूनच तर. ती शुद्धीवर असती तर तिनं त्या फोनवर धोंडा घातला असता. आता तिच्या वतीनं धोंडा घालायला मीच उरलेय, आणि माझ्या हातून ते होत नाही. ती जिवंत आहे तोवर तरी तो व्हिडिओ उतरवायचा, एवढंच मला हवं होतं.

पोलीस चौकीत गेले. हवालदार भला माणूस होता, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, “ताई, रस्ता सरकारी हाय. रस्त्याव उभं ऱ्हायलेल्या मानसाचा फोटू काढला तर मी कुटलं कलम लावू? शिवी न्हाई, अंगाला हात न्हाई, कापडं नीट हायेत. उलट लोकं आजींच्या पाया पडत्यात कमेंटमधी.” मग जरा ओशाळून म्हणाला, “आमच्या घरी बी बघितलाय समद्यांनी. लई गोड हायेत आजी.” मला त्याचा रागही धड येईना. पौडच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या वकिलांकडे गेले. त्यांच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढलेत, ओळख लागली. ते म्हणाले, “परवानगी लागते का, याचं उत्तर हो पण आहे आणि नाही पण. घरात घुसून काढला असता तर आज नोटीस टाकली असती. जाहिरातीला वापरला असता तर बघता आलं असतं. पण त्या स्वतःच्या पायांनी रस्त्यावर आल्यात, आणि बदनामी म्हणावी तर सगळे कौतुक करतायत. लढवता येईल मुद्दा. निकाल लागेपर्यंत...” आणि त्यांनी वाक्य तसंच सोडून चष्मा पुसायला घेतला. कौतुकाविरुद्ध तक्रार कुठं करायची हे कुणालाच माहीत नाही. फोनमध्ये तक्रारीचं एक बटण असतं, तेही दाबून झालं. उत्तर आलं की यात काही गैर आढळलं नाही.

तोवर वळणावरच्या भजीवाल्यानं ‘आजी पॉइंट’ अशी पाटी लावली होती. पोरी तिथं उतरतात, केसांत तेरडा खोचतात, हात हवेत धरून उभ्या राहतात. काहींनी घर शोधून काढलं. अंगणात येऊन हाका मारतात, आजी, ती पोझ द्या ना! पहिल्यांदा आई दाराआड लपली. नंतर एकदा मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत ती ओट्यावर उभी होती, हात हवेत, आणि चार फोन तिच्यावर रोखलेले. मी त्यांच्यावर खेकसले, चप्पल उचलली. जाताना त्यांतला एक म्हणाला, “आजी कूल आहेत, ह्यांनाच प्रॉब्लेम आहे.” मी आत आले आणि भाजी करपलेली होती. तशीच वाढली.

मग तो आला. ज्यानं मूळ व्हिडिओ काढला तो. भूगावात फ्लॅट आहे त्याचा, कुठल्याशा कंपनीत कामाला आहे. हातात शाल आणि नारळ. मी त्याचा चेहरा मनात इतक्या वेळा रंगवला होता, आणि आला तो चष्म्याचा, काटकुळा, बूट बाहेर काढून आत येणारा. “काकू, आजी आहेत का? त्यांच्यामुळं माझं पेज चाललं. छोटासा सत्कार करायचा होता.” मी जे तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या आजीला उभी केली असतीस का अशी? विचारलं होतंस का तिला? तो रडवेला झाला, पण एका गोष्टीवर ठाम होता. “काकू, मी तसा नाहीये. मी परमिशनशिवाय कुणाचं पोस्ट करत नाही. ओरिजिनल आहे माझ्याकडे, गाण्याशिवायचं. तुम्ही ऐका, मग बोला.”

त्यानं फोन माझ्या हातात दिला. वाऱ्याचा आवाज, एक गाडी जाते, आणि मग आईचा आवाज. घरी ऐकते तो चिडचिडा, घाबरलेला आवाज नव्हता. माझ्या लहानपणीचा होता. “आज इचारलं न्हाई?” असं ती म्हणते. तो मुलगा म्हणतो, “काय आजी?” आई जरा थांबते. मग म्हणते, “ऱ्हाऊ द्या. काढा. पर काचंत लावू नगा.” आणि हसते. मान वर करून, तोंड उघडून.

“बघा काकू,” तो म्हणाला, “क्लिअर म्हणतायत, काढा.” मी म्हटलं, “आणि पुढचं?” तो म्हणाला, “ते मला नाही कळलं. काहीतरी काचेचं आहे. वयामुळं असं असंबद्ध बोलतात ना कधीकधी.”

मी उंबऱ्यावरच बसले. त्याच्याकडे परवानगी होती. हवालदाराला, वकिलाला, कुणालाही ऐकवता आली असती अशी, आईच्या स्वतःच्या आवाजात. फक्त ती त्याला दिलेली नव्हती. ती तुम्हाला दिली होती, अण्णा. उन्हात समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काहीतरी होतं, ते त्यानं डोळ्यासमोर धरलं होतं, तेव्हा ते तुम्हीच असणार. आयुष्यभर जिनं विचारल्याशिवाय बटण दाबू दिलं नाही, तिनं त्या दिवशी न विचारलेलं चालवून घेतलं, कारण तुम्ही फार दिवसांनी आला होतात. आणि ते हसू, मला वाटतं, तुम्ही कात्रीनं कापलं होतं तेच असावं. मी ते कधी बघितलं नव्हतं.

मी त्या मुलाला सगळं सांगितलं. तुमचं, काचेचं, खाचराचं. त्याचे कान लाल झाले. खाली बघून म्हणाला, “सॉरी काकू. माझ्याकडचा मी आत्ता डिलीट करतो. पण लोकांनी डाउनलोड करून आपापला टाकलाय, त्याचं मी काहीच नाही करू शकत.” ते मला ठाऊक होतंच. तुमच्याकडे एक निगेटिव्ह असायची आणि एक कात्री. दुकानात येऊन मागितली तर तुम्ही कुणाचीही कापून द्यायचात, सोयरीक मोडलेल्या एका मुलीची दिली होतीत तशी. आता कापायला काही नाही. त्यानं अंगठा बटणावर नेला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “करू?” एवढ्या सगळ्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, “थांब. आधी मला पाठव.”

आवाज ऐकून आई आतून बाहेर आली होती. तिनं त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “धुतले का फोटू?” तो माझ्याकडे बघायला लागला. मी नाही अशी मान हलवली. “नाही अजून, आजी,” तो म्हणाला. “काचंत तर न्हाई ना लावला?” तो नुसता चष्मा वर करत राहिला. मग मीच मागून म्हणाले, “न्हाई लावला.” आईचं समाधान झालं. त्याच्या हातातली शाल तिनं दुकानातलं कापड बघावं तशी बोटांनी चाचपून पाहिली आणि आत गेली. तो शाल तिथंच ठेवून गेला. नारळ मी परत दिला.

हे झालं त्याला काही महिने झाले. ‘आजी पॉइंट’ची पाटी आता रंगवून मोठी केलीय. भूगावात एका रिसॉर्टचं होर्डिंग लागलंय, त्यावर नऊवारी नेसलेली कुणी मॉडेल, केसांत तेरडा, डावा हात हवेत. ती आई नाही, त्यामुळं तक्रारही नाही. मी पुण्याला जाताना तिथं दुसरीकडे बघते. आईचं बोलणं कमी होत चाललंय. जेवायला माझ्या हातून नाही म्हणते, बाईच्या हातचं नको. डॉक्टर म्हणतात हे असंच उतरत जाणार, आणि ते उतरताना मी बघतेय.

दुकानातली तिवई मी घरी आणली. त्या हाताखाली काहीतरी असावं एवढ्यासाठी. तिचा एक पाय तोकडा आहे, फरशीवर हलते. हे लिहून झालं की घडी करून त्याच पायाखाली सरकवणार आहे. तुमच्यापर्यंत जायचा दुसरा रस्ता नाही, आणि तिवई तरी स्थिर होईल.

एक राहिलं. दुपारी जेवण नाकारून ती भिंतीकडे तोंड करून बसते, तेव्हा मी तिला हाताला धरून तिवईजवळ उभी करते आणि फोन तिच्यासमोर धरते. फोटो काढत नाही, शपथ. नुसता धरते. फोनच्या मागं माझा चेहरा झाकला जातो. मग आवाज जरा जाड करून मी तुमच्यासारखं म्हणते, “काढू का?” ती पदर सारखा करते, हात तिवईवर ठेवते. कधी हसतेसुद्धा. म्हणते, “काढा. पर काचंत लावू नगा.” “न्हाई लावत,” मी म्हणते. त्यानंतर ती चार घास खाते. त्या मुलानं एकदा केलं ते मी रोज करते. मला ती ओळखत नाही, म्हणून मी तुम्ही होते. आणि यासाठी, अण्णा, मी तुम्हाला विचारलेलं नाही.